गवताला झाड कुणी केलं?

साग मोठा की बांबू मोठा, हा प्रश्न साग-बांबूचा नाही. त्यांना असले प्रश्न पडत नाहीत. माणसाला पडतात. आणि तेही ज्याच्या घरात सागाचं कपाट आहे त्याला आधी पडतात.

मध्यंतरी एका चर्चासत्रात एक समीक्षक बोलले. नाव लिहीत नाही, कारण असे शंभर आहेत. म्हणाले, "या पोरांची कविता जोमदार आहे, पण ती बांबूसारखी. एका पावसात ताडमाड होते. बांबू कितीही उंच झाला तरी शेवटी गवतच. अभिजात वाङ्मय म्हणजे साग. त्याला शंभर वर्षं द्यावी लागतात." टाळ्या पडल्या. आमच्यातल्या दोघाचौघांनीही वाजवल्या. पुढं आमच्याच एका दोस्तानं कविता लिहिली, की होय, आम्ही गवत, आम्ही वाकतो पण मोडत नाही.

मला या दोघांशीही भांडायचंय. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. लाकूड मला ग्रंथातून नाही, खांद्यातून कळतं. म्हणून आधी वस्तू काय आहे ते बघू. मग तिची जात बघू.

साग. शास्त्रात त्याला टेक्टोना ग्रँडिस म्हणतात. भारत, ब्रह्मदेश, थायलंड, लाओस हा त्याचा मूळ मुलूख. उन्हाळ्यात पानं टाकून उघडानागडा उभा राहतो. पान सुपाएवढं, खरखरीत. कोवळं पान तळहातावर चुरगाळलं तर हात तांबडा होतो. खोड वर्षाला एक कडं चढवतं आणि सावकाश जाड होतं. आतला भाग हळूहळू मरत जातो. त्या मेलेल्या गाभ्यात तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं साचतात, म्हणून वाळवी त्याला सहजी तोंड लावत नाही. जिवंत असतं ते बाहेरचं पांढरट लाकूड. व्यापारी नेमकं तेच कमअस्सल धरतो. म्हणजे बघा, बाजारात भाव आहे तो मेलेल्या गाभ्याला. जिवंत भाग तासून टाकायचा. समीक्षकांना साग का आवडतो ते इथंच कळतं.

आता बांबू. बांबूच्या जाती पुष्कळ. मी बोलतोय मानवेलाबद्दल. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हाच. पोट जवळजवळ भरीव. म्हणून लाठी याची. पोलिसाच्या हातात तोच, मोर्चाच्या झेंड्यालाही तोच. परांची त्याच्याच नात्यातल्या बांबूंची आणि तिरडीही त्यांचीच.

बांबू गवत आहे, हे शंभर टक्के खरं. ज्वारी, बाजरी, भात, गहू, ऊस ज्या कुळातले, त्याच कुळातला तो. दोस्तहो, ज्या कुळानं माणसाच्या ताटात भाकरी घातली, त्या कुळाला हे लोक 'शेवटी गवतच' म्हणतात. भाकरी खाऊन म्हणतात.

बांबूला वर्षाची कडी नसतात. तो सागासारखा वर्षावर्षानं जाड होत नाही. जमिनीतून कोंब वर येतो तो शेवटच्या जाडीचाच येतो. बारका जन्मून मोठ्यांच्या कृपेनं रुंदावणं त्याला ठाऊक नाही. एका पावसाळ्यात तो पूर्ण उंची गाठतो. मग पुढची दोन-तीन वर्षं आतून टणक होतो. चांगला जंगलकामगार कोवळ्याला हात लावत नाही. तीन वर्षांचा झाला की मगच कोयता.

आणि समीक्षकाला न दिसलेली गोष्ट जमिनीखाली आहे. एक बांबू म्हणजे एक रोप नव्हे. खाली आडवं खोड पसरलेलं असतं, एकमेकांत गुंतलेलं. त्या अख्ख्या गोताला आपण बेट म्हणतो. ते बेट कित्येक वर्षं अन्न साठवत असतं. त्या साठ्यावर नवा कोंब एका पावसात आभाळाला भिडतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, काल नव्हता, आज आला. अरे, काल तो तुझ्या पायाखाली होता. तुला खाली बघायची सवय नव्हती, एवढंच.

हे झालं समीक्षकाला. आता आपल्या दोस्ताला.

तू म्हणतोस, वाकतो पण मोडत नाही. हे तुला कुणी शिकवलं? पुरात झाड वाहून जातं आणि लव्हाळं तगतं, हा दाखला तुकोबांनी दिला. त्यांनी तो नम्रतेसाठी दिला. पण आमच्या शाळेत तो आम्हालाच ऐकवला जायचा. पाटलाच्या पोराला कुणी लव्हाळं हो म्हटलं नाही. बांबूचं बळ वाकण्यात नाही. त्याचे चिवट धागे सालीकडं दाट असतात, आत विरळ. पेरापेरावर गाठ असते, ती नळीला चेपू देत नाही. म्हणून वारा गेला की तो परत सरळ उभा राहतो. वाकवतो वारा. सरळ होणं हे बांबूचं काम. कविता लिहायची तर त्याच्यावर लिही.

आणि बांबूचे दोषही लिही. तोडल्यावर त्याच्या पोटातल्या पिठूळ सत्त्वावर भुंगा बसतो आणि आतून पीठ करतो. तसाच जमिनीत रोवला तर दोन-तीन वर्षांत बुडखा कुजतो. पाण्यात मुरवावा लागतो, नाहीतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवावा लागतो. उभा चिरतो. सागाचा खांब देतो ते आयुष्य तो उघड्यावर देत नाही. हे कबूल करायला मला लाज नाही. साग माझा दुश्मन नाही. सागही बुंध्यावरून तोडला की पुन्हा फुटतो, चिवट आहे साला. माझं भांडण प्रतवारी लावणाऱ्याशी आहे.

कारण या देशात लाकडालाही वर्ण लावलेत. भोजराजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात जहाज कुठल्या लाकडाचं बांधावं ते सांगितलंय. लाकूड हलकं आणि मऊ असेल तर ते ब्राह्मण. हलकं पण कठीण ते क्षत्रिय. मऊ पण जड ते वैश्य. कठीण आणि जड ते शूद्र. क्षत्रिय लाकडाचं जहाज सुखसंपत्ती देतं म्हणे. आणि वेगवेगळ्या वर्णांची लाकडं एकत्र जोडली तर जहाज टिकत नाही, पाण्यात कुजतं, जरा धक्का बसला की फुटून बुडतं. बघा, बेटीबंदी लाकडालासुद्धा! ओझं वाहणारं, कठीण, जड लाकूड कुठल्या वर्णात टाकलं तेही बघा. गोदीत आम्ही जहाज बघतो तेव्हा पाणी एकच प्रश्न विचारतं. भोक आहे का? जात विचारणारं पाणी फक्त गावच्या विहिरीत असतं.

ही वाटणी काष्ठाची. गवत तिच्यात नाहीच. चार वर्णांच्या बाहेर, गावकुसाच्या बाहेर. ओळखीचा पत्ता वाटतो ना?

पण भाषेनं त्यांचाच घोटाळा केलाय. संस्कृतात बांबूला वंश म्हणतात. कुळालाही वंश म्हणतात. जे रात्रंदिवस आपला वंश सांगतात ते खरं तर बांबूचं नाव घेतात. अमरकोशात बांबूची आणखी नावं आहेत. त्वक्सार, म्हणजे ज्याचं सत्त्व सालीत आहे तो. तृणध्वज, म्हणजे गवताचा झेंडा. म्हणजे बांबू गवत आहे हे जुन्या पंडितांना चांगलं ठाऊक होतं. हे ज्ञान अचानक विसरलं ते कायद्यानं. का विसरलं, तो खरा मुद्दा. पण त्याआधी साग सरकारी कसा झाला ते बघावं लागेल. कायदा आला तो सागामागून.

इंग्लंडात जहाजांना ओक कमी पडायला लागला, तेव्हा साहेबाची नजर मलबारच्या सागावर गेली. १८०६ साली कंपनीनं कॅप्टन वॉटसनला तिथल्या जंगलावर अधिकारी नेमलं, आणि सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला. त्याच सागाची जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीत बांधली गेली. १८१७ साली इथून पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतंय. १८१३ साली इथंच बांधलेल्या कॉर्नवॉलिसवर १८४२ साली चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. अफूच्या लढाईचा तो तह. वाडिया मास्टर बिल्डरांची नावं इतिहासात आहेत, असावीत, कसबी माणसं होती. पण करवत ओढणाऱ्यांची, ओंडके वाहणाऱ्यांची नावं मला अजून एकाही पुस्तकात भेटली नाहीत. अभिजात म्हणतात ते हेच. ज्यानं उचललं त्याचं नाव गळालेलं असतं.

मग ब्रह्मदेश. तिथं उभ्या सागाला बुंध्याशी गोल खाच मारून वाळवायचे, कारण ओला साग पाण्यात बुडतो. दोन-तीन वर्षांनी पाडायचा, हत्तीकडून ओढायचा, नदीत सोडायचा. १८५६ पासून ब्रँडिस नावाच्या जर्मन साहेबानं पेगूच्या जंगलाची व्यवस्था लावली. फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांकडून शेतात सागाची रोपं लावून घेतली. दोन-तीन पिकं त्यांची, मग जमीन सागाची, म्हणजे सरकारची. तोच ब्रँडिस १८६४ साली सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला. १८८५ साली ब्रह्मी दरबारानं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागाचे ओंडके कमी दाखवले म्हणून जबर दंड केला. इंग्रजांनी ते निमित्त धरलं आणि मंडाले घेतलं. राजा थिबा कैद होऊन आपल्या रत्नागिरीत आला आणि १९१६ साली तिथंच मेला. एका लाकडापायी राज्य बुडालं. सागाचा मोठेपणा हा असा, बंदुकीनं मोजलेला.

आता बांबूकडं या. १९२७ चा भारतीय वन कायदा काढा. कलम २, पोटकलम ७. 'झाड' या शब्दाची व्याख्या. त्यात ताड-माड येतात, बुंधे येतात, झुडपं येतात, वेत येतात आणि बांबू येतो. झालं. गवत एका ओळीत झाड झालं. समीक्षकानं ज्याला शेवटी गवतच म्हटलं त्याला सरकारनं नव्वद वर्षं झाड म्हणून वागवलं. बढती दिली म्हणता? बढती नव्हती, जप्ती होती. झाड म्हटलं की तोडायला परवाना, न्यायला परवाना. कोयता घेऊन जंगलात गेलेला माणूस चोर.

तो माणूस कोण? बुरुड. महाराष्ट्रात अनुसूचित जातीत मोडतो. सूप, टोपली, रोवळी, दुरडी, कणगी, परडी, चटई, शेवटी तिरडी, सगळं त्याच्या कामटीतून. सूप घरात चालतं. सुपातून वाण देतात. सूप विणणारा उंबऱ्याच्या बाहेर. आमच्या वस्तीमागं बुरुडांची चार बिऱ्हाडं आहेत. बाया उजाडल्यापासून बांबू चिरतात, बोटांना सालीची धार लागते, चिंधी बांधून पुन्हा बसतात. बांबू विकत आणतात तो वखारवाल्याकडून, तो सांगेल त्या भावानं. आणि हाच बांबू जंगलातून कागद गिरण्यांना वर्षानुवर्षं सवलतीत, कवडीमोलानं दिला गेला. ज्याच्या हातात हुन्नर त्याला महाग, ज्याच्या हातात यंत्र त्याला स्वस्त. आमचं छोटं मासिक ज्या कागदावर छापतात, त्याच्या इतिहासात हे पाप आहे, हे आपणही विसरू नये.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. म्हणजे लाकूड नाही. हक्क गावाचा. तरी खातं आपला १९२७ चाच कागद पुढं करत राहिलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव. २००९ साली त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र विकता येईना, कारण वाहतूक परवाना खात्याच्या हातात. गाव अडून बसलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कविता म्हणतात त्याला. शब्द एकच बदलला, झाडाच्या जागी वनोपज, आणि चोराच्या जागी मालक आला.

२०१७ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि मग कायदा झाला. 'झाड' या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला. गवत पुन्हा गवत झालं. पेढे वाटले गेले. पण नीट वाचा. ज्याच्या बांधावर, शेतात बांबू आहे त्याची सुटका झाली. चांगलंच झालं. ज्याला बांधच नाही त्या बुरुडाचं काय? त्याच कायद्यात लिहिलंय की जंगलात असलेलं गवतसुद्धा वनोपज आहे. म्हणजे झाड म्हटलं तरी आमच्या हाताबाहेर आणि गवत म्हटलं तरी आमच्या हाताबाहेर. नाव बदलून जात जात नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

समीक्षकाच्या त्या शंभर वर्षांचंही बघून घेऊ. ब्रह्मदेशानं, म्हणजे म्यानमारनं, १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. भारत सागाचा जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. मग तो येतो कुठून? घाना, टांझानिया, ब्राझील, इक्वेडोर. लागवडीचा. कंटेनरचं सील तोडलं की आमच्यापुढं बारीक गोल असतात, बाहेरून पांढरे, आत हाताच्या वितीएवढा गाभा. कडी मोजायला वेळ लागत नाही, वीस-पंचवीस भरतात. हेच पुढं पॉलिश होऊन दिवाणखान्यात जातं आणि मालक पाहुण्यांना सांगतो, अस्सल साग. आपल्या जंगलखात्याच्या हिशेबातही सागाला तोडायचं वय साधारण साठ ते ऐंशी. शंभर वर्षांचा साग आता भाषणातच जास्त सापडतो. आणि तो सागाचा दरवाजा बाविसाव्या मजल्यावर बसतो, तेव्हा कित्येकदा तो मजला रंगवणारा पोऱ्या बांबूच्या परांचीवर लटकत असतो.

गवताला भोळं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मानवेल बऱ्याच दशकांनी फुलतो आणि फुलला की मरतो. कधी अख्खं रानच एकदम. मिझोरममधली बांबूची जात वेगळी, मौताक, ती साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलते. बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, मग शेतं फस्त करतात. तिथल्या जुन्या माणसांना हे पाठ होतं. मिझो डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं १९५८ मध्येच आसाम सरकारला सांगितलं, दुष्काळ येतोय, मदत द्या. आदिवासींची अंधश्रद्धा म्हणून सोडून दिलं. १९५९ ला दुष्काळ आला. मदतीसाठी निघालेली फॅमिन फ्रंट १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ साली बंड झालं आणि ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले. समझोत्याला १९८६ उजाडलं. गवताचं ज्ञान ज्यांच्याकडं होतं त्यांचं ऐकलं नाही, म्हणून वीस वर्षं रक्त सांडलं. २००७ ला तो पुन्हा फुलला, ठरल्याप्रमाणं. त्या वेळी सरकारी कागदावर आधीपासून तयारी होती. एवढं शहाणपण यायला एक अख्खी पिढी खर्ची पडली.

तेव्हा दोस्तहो, साग व्हायची हौस सोडा आणि गवत असल्याचा टेंभाही सोडा. उपमा फुकट नसते. जो उपमा देतो तो भाव ठरवतो. कुणी तुमच्या कवितेला बांबू म्हटलं तर रागावू नका आणि हुरळूही नका. त्याला तीन प्रश्न विचारा. जंगल कुणाचं? कोयता कुणाच्या हातात? आणि पावती कुणाच्या नावावर फाटते? या तिन्ही प्रश्नांना बगल देऊन जो साग आणि बांबूची तुलना करतो, तो वनस्पतीशास्त्र सांगत नाही, जात सांगतो.

आणि आपण काय करायचं? शहरात बुरुडांना सरकारी आगारातून थेट बांबू मिळालाच पाहिजे, गिरणीला ज्या भावात दिला त्या भावात. ही मागणी कवितेत बसत नसेल तर कविता मोठी करा. मागणी छाटू नका.